पावाची सोयरी : ‘कंपनी’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजीतून मराठीत आलेल्या ज्या शब्दांना आता कोणी परके म्हणणार नाही, त्यांत ‘कंपनी’ या शब्दाचा मान बराच वरचा आहे. माणूस कंपनीत नोकरीला असतो, शेअर बाजारात कंपन्यांचे भाव चढतात आणि उतरतात, निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी राज्य राखीव पोलीस दलाच्या कंपन्या तैनात होतात, सुटी लागली की बच्चेकंपनी अंगणात गोळा होते, आणि एकट्याने चहा पिण्याचा कंटाळा आला की शेजाऱ्याला कंपनी द्यायला बोलावले जाते. यांत कायद्याने निर्माण केलेली संस्था आहे, शस्त्रधारी तुकडी आहे, मुलांचा घोळका आहे, तसेच कोणतीही संस्था वा घोळका नसलेली निव्वळ सोबतही आहे. इतके दूरदूरचे अर्थ एका शब्दाच्या पोटात कसे मावले, याचे उत्तर त्याच्या व्युत्पत्तीत, म्हणजे शब्द कोणत्या घटकांपासून आणि कसा घडला याच्या शोधात मिळते. आणि हा शोध बाजारपेठेत किंवा न्यायालयात न थांबता थेट भाकरीच्या टोपलीपर्यंत जातो.

एका भाकरीचे वाटेकरी

इंग्रजीतील ‘कंपनी’ आणि ‘कंपॅनियन’ हे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आले असून त्यांचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कोम्पानिओ’ या शब्दात आहे. त्यातील ‘कोम्’ म्हणजे ‘सह’ आणि ‘पानिस’ म्हणजे पाव किंवा भाकरी. ज्याच्याबरोबर भाकरी वाटून खायची तो ‘कोम्पानिओ’. अभिजात लॅटिन साहित्यात हा शब्द नाही. तो आढळतो तो फ्रँक नावाच्या जर्मानिक लोकांच्या ‘सालिक कायदा’ या संहितेत. क्लोव्हिस राजाच्या काळात, इ. स. ५०० च्या सुमारास आकाराला आलेल्या या संहितेत, सैन्यात असताना आपल्याच सोबत्याचा वध करणाऱ्याला कोणता दंड असावा हे सांगताना हा शब्द वापरलेला आहे.

लॅटिन घटकांनी बनलेला हा शब्द जर्मानिक लोकांच्या कायद्यात का भेटावा, याचा उलगडा गॉथिक या जर्मानिक भाषेत होतो. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मोपदेशकाने बायबलचे गॉथिक भाषांतर केले आणि त्यात सोबती किंवा सहसैनिक या अर्थी ‘गाहलैबा’ असा शब्द योजला. यातील ‘गा’ म्हणजे ‘सह’ आणि ‘हलैफ्स’ म्हणजे भाकरी; इंग्रजीतील ‘लोफ’ हा शब्द याच ‘हलैफ्स’चा भाऊबंद आहे. म्हणजे ‘कोम्पानिओ’ हा ‘गाहलैबा’सारख्या एखाद्या जर्मानिक शब्दाचा लॅटिन अवतार असावा, असे भाषाभ्यासक मानतात. शब्द जसाच्या तसा न घेता त्याचा सांगाडा ठेवून त्यात आपल्या भाषेचे घटक भरण्याच्या या पद्धतीला अनुवादित उसनवारी म्हणता येईल. ‘टेलिव्हिजन’मधील ‘दूर’ आणि ‘पाहणे’ हे दोन घटक ठेवून ‘दूरदर्शन’ हा शब्द घडला, तो असाच.

या जन्मकथेतून एक गोष्ट सूचित होते, ती म्हणजे पहिला ‘कोम्पानिओ’ हा हौसेने निवडलेला मित्र नसून एकाच शिध्यावर जगणारा शिपाई असावा. मोहिमेवर निघालेल्या सैन्यात कोणाचा कोणावर भरवसा आहे हे कुळावरून किंवा गावावरून ठरत नाही, ते बरेचसे एका चुलीवर कोण जेवते यावरून ठरते, आणि म्हणूनच अशा सोबत्याला मारणे हा वेगळा उल्लेख करण्याजोगा अपराध ठरला. अन्नावरून माणसांचे नाते सांगण्याची ही रीत जर्मानिक भाषांत खोलवर रुजलेली होती. इंग्रजीतील ‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘भाकरीचा राखणदार’ या अर्थाच्या समासापासून, तर ‘लेडी’ हा शब्द ‘भाकरीचे पीठ मळणारी’ या अर्थाच्या समासापासून झिजत आलेला आहे. अशा रीतीने धनी, धनीण आणि सोबती या तिघांचीही नावे एकाच परातीतून निघाली.

‘पाव’ आणि ‘कंपनी’

लॅटिन ‘पानिस’चा वंशविस्तार मोठा आहे. फ्रेंचमध्ये पाव ठेवण्याच्या खोलीला जे नाव होते त्यावरून इंग्रजीत ‘पँट्री’ हा शब्द आला आणि तो आगगाडीच्या पँट्री कारमधून मराठी प्रवाशांच्याही तोंडी बसला. फ्रेंचमध्ये जिवलग दोस्ताला ‘कोपँ’ म्हणतात, तोही मुळात भाकरीचा वाटेकरीच आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पानिस’चे रूप अनुनासिक होऊन ते साधारण ‘पांव’ असे उच्चारले जाऊ लागले, आणि १५१० मध्ये गोवा जिंकून घेणाऱ्या पोर्तुगिजांबरोबर हा पदार्थ आणि त्याचे नाव ही दोन्ही कोकणपट्टीत उतरली. यीस्ट सहज मिळत नसल्यामुळे तेथे माडाच्या सुरेने पीठ आंबवण्याची युक्ती रूढ झाली, सकाळी दारोदार पाव विकणाऱ्या भट्टीवाल्याला पोर्तुगीज नावावरून ‘पोदेर’ म्हणू लागले, आणि तो ‘पाव’ पुढे मुंबईच्या बेकऱ्यांतून मिसळीच्या ताटलीपर्यंत आणि बटाटेवड्याच्या भोवती पोहोचला.

पीठ पायाने मळत असल्यामुळे ‘पाव’ हे नाव पडले, असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या ध्वनीवरून मागाहून रचलेली गोष्ट आहे. एकचतुर्थांश या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून आलेला निराळा शब्द असून खाण्याचा पाव हा सरळ लॅटिन ‘पानिस’चा वंशज आहे. याचा अर्थ असा की ‘पाव’ आणि ‘कंपनी’ हे मराठीतील दोन शब्द एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक ठरतात. एक पोर्तुगिजांच्या गलबतातून आला आणि दुसरा इंग्रजांच्या, इतकाच काय तो फरक. कंपनीच्या कँटीनमध्ये वडापाव खाल्ला जातो तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वीचा एक समास जणू पुन्हा जुळून येतो.

मराठीतही माणसांच्या समूहासाठी शब्दांची वाण नव्हती, परंतु ते समूहाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहतात. ‘मंडळी’ हा शब्द वर्तुळ या अर्थाच्या ‘मंडल’वरून आला आहे, म्हणजे त्यात गोल करून बसलेली माणसे दिसतात, ‘संगत’ या शब्दात बरोबर चालणे आहे, ‘सोबत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे. भाकरीच्या सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘पंगत’. तो ज्या संस्कृत ‘पंक्ति’पासून आला तिचा मूळ अर्थ पाचांचा गट असा होता आणि पुढे तो रांग असा रुंदावला. मात्र पंगतीने माणसे जशी जोडली तशीच तोडलीही, कारण रोटीव्यवहार, म्हणजे कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम, जातीच्या सीमारेषा आखण्याचे साधन होते आणि ‘पंक्तिबाह्य’ ठरणे ही मोठी शिक्षा होती. ज्या गोष्टीने फ्रँक शिपायांत अनोळखी माणूस आपला होत असे, त्याच गोष्टीने येथे ओळखीचा माणूस परका ठरवता येत असे.

येथे एका तोतया नातेवाइकाचीही ओळख करून घेणे आवश्यक आहे. मराठीतील ‘कंपू’ हा शब्द ‘कंपनी’चे बिघडलेले रूप वाटतो, पण तसे नाही. तो मैदान व छावणी या अर्थाच्या ‘काम्पो’ किंवा ‘कँप’ या युरोपीय शब्दांकडून आला. महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉइन या सेनानीने युरोपीय पद्धतीने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. पुढे पलटणी गेल्या आणि ‘कंपूशाही’ करणारे गट तेवढे उरले.

शिपाई, कारागीर आणि नट

इंग्लंडमध्ये ‘कंपनी’ हा शब्द तेराव्या शतकात रुळलेला दिसतो आणि प्रारंभी त्याचा अर्थ माणसांचा जमाव किंवा त्यांचा सहवास इतकाच होता. या मूळ अर्थाचा धागा इंग्रजीत आजही तुटलेला नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना आणि गप्पांच्या सोबतीला हाच शब्द चालतो. या सैल अर्थाला हळूहळू शिस्तीचे आकार मिळत गेले. सैन्यात तो एका ठरावीक तुकडीचे नाव झाला आणि भारतीय पायदळातही साधारणपणे मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असलेल्या शंभर-सव्वाशे जवानांच्या तुकडीला आजही कंपनीच म्हणतात. जहाजावरील सर्व खलाशी मिळून जहाजाची कंपनी होत. लंडन शहरातील कारागीर व व्यापारी यांचे संघही कंपन्या म्हणवले जाऊ लागले. कापडव्यापाऱ्यांच्या ‘मर्सर्स’ कंपनीला राजाची सनद १३९४ मध्ये मिळाली, आणि सोनार, मासेविक्रेते व शिंपी यांच्याप्रमाणे पाव भाजणाऱ्यांचीही स्वतंत्र कंपनी तेथे आजतागायत आहे.

नाटकवाल्यांच्या संचालाही हेच नाव लाभले. शेक्सपिअर ज्या संचात नट आणि लेखक होता, तो लॉर्ड चेंबरलेनच्या आश्रयाखालील संच १५९४ मध्ये उभा राहिला आणि त्यातील प्रमुख नट हे पगारी नोकर नसून वाटेकरी होते, म्हणजे खर्चाचा भार उचलून उत्पन्नाचा हिस्सा घेणारे होते. भाकरीचा वाटा आणि पैशाचा वाटा यांच्यामधली पायरी येथे स्पष्ट दिसते.

ही पायरी व्यापाराच्या क्षेत्रात इटलीने त्याआधीच ओलांडली होती. तेराव्या-चौदाव्या शतकांत फ्लॉरेन्समधील बार्दी आणि पेरुझी या घराण्यांच्या पेढ्या ‘कोम्पान्यिया’ म्हणवत. एका घरातील माणसे एका चुलीवर जेवतात, तशीच ती एका भांडवलात भागीदार असतात, ही त्यामागची कल्पना होती. त्यांच्या वह्यांत गरिबांसाठी देवाच्या नावे एक खातेही असे. मात्र यात जोखीम अमर्याद होती, कारण पेढीचे देणे चुकवण्यासाठी भागीदाराच्या घरादारावर टाच येऊ शकत असे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने युद्धासाठी घेतलेली कर्जे फेडली नाहीत, आणि इतरही कारणांनी खिळखिळ्या झालेल्या या दोन पेढ्या अनुक्रमे १३४६ आणि १३४३ मध्ये बुडाल्या.

कोकण किनाऱ्यावरच्या दोन कंपन्या

भारतात आलेली पहिली नामांकित कंपनी व्यापाऱ्यांची नव्हती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पोप तिसरा पॉल याने १५४० मध्ये मान्यता दिलेल्या जेझुइट धर्मसंघाचे स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील नाव ‘येशूची कंपनी’ असे होते, आणि तिचे संस्थापक-सदस्य फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. याच संघाचा सदस्य असलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. भारतात येऊन राहिलेला तो पहिला ज्ञात इंग्रज मानला जातो, आणि त्याने मराठीत ओवीबद्ध रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीची लंडनमध्ये स्थापना होण्याच्या एकवीस वर्षे आधीच एका निराळ्या ‘कंपनी’चा इंग्रज सदस्य गोव्यात आला होता, आणि पुढे तो मराठीचा कवी झाला.

दुसरी कंपनी अर्थातच ईस्ट इंडिया कंपनी. पूर्वेकडील व्यापारासाठी एकत्र आलेल्या लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी पहिली एलिझाबेथ हिने ३१ डिसेंबर १६०० रोजी पंधरा वर्षांच्या मक्तेदारीची सनद दिली. तिचे भांडवल संयुक्त होते, म्हणजे अनेकांनी घातलेल्या रकमांचा एकच साठा करून त्यावर व्यापार चाले आणि नफा ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटला जाई. प्रारंभी प्रत्येक सफरीसाठी वेगळे भांडवल उभारत आणि जहाजे परतल्यावर हिशेब मिटवत. १६५७ पासून मात्र कायमचे भांडवल ठेवण्याची पद्धत आली. त्यानंतर वाटेकरी येत-जात राहिले, तरी कंपनी तीच राहिली, आणि हा बदल वाटतो त्याहून फार मोठा होता. एका ताटाभोवतीची माणसे उठून गेली तर पंगत मोडते. येथे माणसे बदलूनही पंगत चालू राहण्याची सोय झाली.

पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाकडे आलेले मुंबई बेट १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने या कंपनीला मिळाले, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर महाराष्ट्राचा मोठा भाग तिच्या अमलाखाली गेला. ‘कंपनी सरकार’ हा जोडशब्द मराठीत आला तो याच परिस्थितीतून. व्यापारी भागीदारी आणि राज्यसत्ता या दोन भिन्न गोष्टी त्यात एकत्र बसल्या होत्या. १८३५ पासून सर्वत्र चालू झालेल्या रुपयावर एका बाजूस इंग्लंडच्या राजाचा मुखवटा तर दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असे. १८५७ च्या उठावानंतर पुढच्याच वर्षी राज्यकारभार तिच्याकडून काढून घेण्यात आला आणि १८७४ मध्ये ती कागदोपत्रीही विसर्जित झाली.

पोट नसलेली व्यक्ती

आज ‘कंपनी’ म्हटल्यावर मुख्यतः जी संस्था डोळ्यांसमोर येते, ती एकोणिसाव्या शतकातील कायद्यांनी घडवली. त्याआधी कंपनी स्थापण्यासाठी राजाची सनद किंवा संसदेचा खास कायदा लागे; ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने साध्या नोंदणीची वाट खुली झाली आणि १८५५ मध्ये मर्यादित दायित्वाचे, म्हणजेच ‘लिमिटेड’चे तत्त्व मान्य झाले. मर्यादा असते ती भागधारकाच्या जबाबदारीला, कंपनीच्या जबाबदारीला नव्हे. कंपनी बुडाली तर भागधारकाने घेतलेल्या भागाची रक्कम जाते, पण त्याच्या घराला धक्का लागत नाही. फ्लॉरेन्सच्या भागीदारांना जे कवच मिळाले नव्हते ते हेच. भारतात नोंदणीचा कायदा १८५० मध्ये आणि मर्यादित दायित्वाची तरतूद १८५७ मध्ये झाली. दरम्यान १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी संयुक्त भांडवलावर कापडगिरणीची कंपनी काढून मुंबईच्या गिरणगावाचा पाया घातला होता. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत समुद्र हटवण्यापासून बँका चालवण्यापर्यंत सगळ्यासाठी कंपन्यांचे पेव फुटले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यांतील पुष्कळ कंपन्या भागधारकांचे दिवाळे काढून नाहीशा झाल्या.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे नेमके कोण, याचा निर्णायक खुलासा १८९६ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोरील एका खटल्यात झाला. अ‍ॅरन सॉलोमन या बूट बनवणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या धंद्याची कंपनी केली होती. कायद्याला सात सभासद हवे होते, म्हणून २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग त्याने स्वतःकडे ठेवून पत्नी आणि पाच मुले यांना प्रत्येकी एक भाग दिला. कंपनी बुडाल्यावर, ही कंपनी म्हणजे सॉलोमनचाच मुखवटा आहे, तेव्हा देणी त्याने चुकवावीत, असा युक्तिवाद झाला. परंतु न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि रीतसर नोंदलेली कंपनी ही तिच्या सभासदांहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती असते असे ठरवले. ही व्यक्ती मालमत्ता बाळगू शकते, कर्ज काढू शकते, खटला भरू शकते आणि सभासदांच्या मृत्यूने ती मरत नाही. भाकरीवरून नाव मिळालेल्या या व्यक्तीला भूक तेवढी लागत नाही.

मराठी झालेली कंपनी

मराठीने हा शब्द घेतला तो आपल्या व्याकरणात बसवून. दीर्घ ईकारान्त असल्यामुळे तो स्त्रीलिंगी झाला आणि राणी-राण्या, वाटणी-वाटण्या या चालीवर कंपनी-कंपन्या असे त्याचे अनेकवचन सिद्ध झाले. अर्थाच्या बाबतीतही मराठीने स्वतःच्या गरजेप्रमाणे फेरफार केले. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात ‘कंपनी’ म्हणजे प्रत्यक्ष कारखान्याची वास्तू. म्हणून कंपनीचे फाटक असते, कंपनीचा भोंगा होतो आणि कामगार ‘कंपनीत’ जातो. दुसरीकडे मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांनाही वर्तमानपत्रांनी हेच नाव दिले.

शब्दाच्या मूळ अर्थाशी सर्वांत प्रामाणिक राहिली ती नाटक कंपनी. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी यांच्या पाटीवर ‘मंडळी’ हा शब्द असला, तरी बोलण्यात ती ‘कंपनी’च असे. गावोगाव फिरणाऱ्या या संचांचे बिऱ्हाड एक, स्वयंपाकघर एक आणि पंगतही एक असे. राजाचे काम करणारा नट आणि पडदे ओढणारा गडी या दोघांचे पोट एकाच मुदपाकखान्यावर अवलंबून होते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभातने मात्र आपल्या नावातच ‘फिल्म कंपनी’ हे शब्द घेतले. आणि कायदा, भांडवल वा पाटी यांपैकी कशाचीही गरज नसलेली ‘बच्चेकंपनी’ किंवा चहापुरती ‘कंपनी देणे’ हे प्रयोग तर फ्रँक शिपायांनाही समजले असते.

भारतातील १९५६ च्या कायद्यानुसार खासगी कंपनीला किमान दोन आणि सार्वजनिक कंपनीला किमान सात सभासद लागत. २०१३ च्या कायद्याने ‘एकव्यक्ती कंपनी’ हा नवा प्रकार आणला, आणि ‘सह’ या अर्थाच्या घटकाने ज्या शब्दाचा आरंभ होतो, त्या शब्दाला एकट्या माणसाचे नाव होण्याचीही मुभा मिळाली. वरवर पाहता शब्दाच्या व्युत्पत्तीशी असलेला अखेरचा संबंध येथे तुटतो. परंतु त्याच कायद्यात एक अट आहे. एकट्या सभासदाचा मृत्यू झाला किंवा करार करण्याची त्याची क्षमता संपली, तर त्याची जागा कोण घेईल, त्या दुसऱ्या माणसाचे नाव त्याच्या लेखी संमतीसह नोंदणीच्या वेळीच द्यावे लागते. म्हणजे एका माणसाची कंपनी निघू शकते. पण दुसरे नाव लिहिल्याशिवाय तिची नोंद होत नाही.